मार्थाबाई मोठ्यानं प्रार्थना करायच्या

ऑपरेशनला माणूस आणला की डॉक्टर त्याचं पोट बघायचे, आम्ही नर्सा त्याचा केसपेपर बघायचो आणि मार्थाबाई त्याचे पाय बघायच्या.

सांगली जिल्ह्यातला आमचा तो मिशनचा दवाखाना. येणारी माणसं थेट रानातून उठून आलेली असायची. जतकडची, पलूसकडची, साताऱ्याच्या बाजूची, काही तर कानडी मुलखातली. पायाला चिखल, भेगांत माती, टाचेत मोडलेला काटा. पेशंटला धुऊनपुसून थिएटरात आणायचं काम आयाबाईचं. मार्थाबाई थिएटरच्या सिस्टर, म्हणजे तिथल्या सगळ्यांच्या वरच्या. पण स्ट्रेचर दारात आला की बाई बुटकं स्टूल ओढायच्या, गरम पाण्याचं इनॅमलचं तसराळं पुढ्यात घ्यायच्या आणि त्या माणसाचे पाय धुवायला बसायच्या. बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा साबण फिरवायच्या. आयाबाई बिचारी ओशाळून म्हणायची, "आवं बाई, ते माझं काम हाय."

"तुझी कामं काय थोडी हायत व्हय? एवढं मला ऱ्हाऊ दे की."

मी तेव्हा नुकतीच नर्सिंग पास होऊन त्यांच्या हाताखाली लागले होते. मी पलूसची, शेतकऱ्याची पोर, आमच्या घरात जे असेल ते तोंडावर बोलायची पद्धत. मला हा प्रकार अजिबात पटायचा नाही. वरच्या माणसानं वरच्यासारखं राहावं, नाहीतर खालचे डोक्यावर बसतात, असं माझं मत. मी तसं बाईंना सांगितलंसुद्धा. बाई हसल्या. "बसंनात. डोकं काय झिजतंय का?"

पाय धुऊन झाले की त्या हात धुवायच्या, स्वच्छ फडकं नळाखाली ओलं करून पेशंटचं कपाळ पुसायच्या, त्याचा हात हातात घ्यायच्या आणि प्रार्थना करायच्या. ऑपरेशनच्या आधी प्रार्थना हा आमच्या दवाखान्याचा जुना रिवाज होता, गोऱ्या डॉक्टरांच्या काळापासूनचा. पण बाकीच्या ख्रिस्ती सिस्टर 'हे स्वर्गीय पित्या, तू कृपाळू आहेस' अशी ठरलेली वाक्यं भराभर म्हणून मोकळ्या व्हायच्या. मार्थाबाई बोर्डिंगात शिकलेल्या, त्यांनाही ती भाषा यायची. तरी प्रार्थनेला त्या आपली रहिमतपूरकडची बोलीच काढायच्या, आणि तीही मोठ्यानं.

"बापा, ह्यो पांडूदादा तुझ्या हातात देते. ह्याला भ्या वाटतंय. मला बी वाटतंय. डागदरांचा हात धर. ह्याची म्हस घरी व्यायला झालीया, तिच्याकडं बी ध्यान दे. येशूच्या नावानं मागते. आमेन."

म्हशीचं नाव निघालं आणि पांडूदादाचा चेहरा सैल पडला. लोणंदचे एक बागवान चाचा तर शेवटी बाईंच्या आधीच 'आमीन' म्हणून मोकळे झाले होते.

खेड्यातल्या माणसाला नर्सच्या हातचं पाणी पिण्याआधी एक गोष्ट विचारल्याशिवाय चैन पडायचं नाही. "बाई, तुमी मूळच्या कोण?" आमच्यातल्या बऱ्याच जणी हा प्रश्न आला की तोंड फिरवायच्या, नाहीतर काहीतरी थातुरमातुर सांगायच्या. मार्थाबाई पाण्याचा ग्लास तसाच हातात धरून सांगायच्या, "मूळची देवाची. मधलं इचारत असाल तर म्हारवाड्यातली. आता येशूची. पाणी पिताय का सुनंला हाक मारू?" आवाजात राग नसायचा आणि लाचारीही नसायची. काही जण प्यायचे, काही जण सुनेला बोलवायचे. बाई सुनेलाही ग्लास विसळून द्यायच्या. माझ्या मात्र अंगाची लाही व्हायची.

एकदा बाळंतपणात अडलेली एक पोरगी टेबलावरच गेली. नेहमीसारखे पाय धुतले होते, प्रार्थना झाली होती, सगळं झालं होतं. मी बाहेर आले आणि बाईंवरच भडकले. "काय उपयोग झाला तुमच्या प्रार्थनेचा?"

बाई हातमोजे धूत होत्या. डोळे लाल झाले होते. म्हणाल्या, "बरं करायला डॉक्टर हायत, शालन. ती एकटी जाऊ ने म्हणून मी हाय." मी त्यांच्या शेजारी उभी राहून उरलेले मोजे धुवायला घेतले.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली सुभेदार आले. साताऱ्याच्या बाजूचे, फौजेतून निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्याशुभ्र. आतड्याला पीळ पडून पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. पुतण्या दिनकर, त्यांनीच लहानाचा मोठा केलेला, त्यांना जीपमध्ये घालून घेऊन आला होता. गावात पुढारपण करणारा, आवाजाचा चढा माणूस. पण त्या दिवशी तो स्ट्रेचरची दांडी सोडायला तयार नव्हता. ताबडतोब ऑपरेशन करायचं ठरलं.

आमच्या थिएटरच्या दाराला वर एक गोल काच होती. नातेवाइकांना व्हरांड्यातच थांबायला सांगितलेलं असायचं, पण दिनकरराव धीर न धरवून त्या काचेला डोळा लावून उभे राहिले. त्यांना दिसलं ते एवढंच: एक ख्रिस्ती बाई म्हाताऱ्याच्या कपाळाला पाणी लावतेय, हात धरून काहीतरी म्हणतेय, आणि शेवटी दाराआडून ऐकू आलं 'येशूच्या नावानं'. ख्रिस्ती करून घेताना असंच पाणी लावतात, एवढं त्यांना ऐकून ठाऊक होतं.

बाहेर एकदम आरडाओरडा झाला. "बाटवला! म्हाताऱ्याला बाटवला माझ्या!"

आत सुभेदारांना भूल चढली होती. डॉक्टरसाहेबांनी मान वर केली नाही. आतड्याचा काळा पडलेला तुकडा कापून काढायचा होता, तिथं मान वर करायला सवड कुणाला? मार्थाबाईंनी एकामागून एक हत्यारं हातात दिली, एकही चुकलं नाही. पण बाहेरचा गलका वाढत चालल्याचं आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं. ऑपरेशन संपवून सुभेदारांना वॉर्डात हलवलं तोवर जीपनं निरोप जाऊन ट्रॅक्टर-ट्रॉली भरून गावची माणसं येऊन उभी होती. काहींच्या हातात काठ्या होत्या.

डॉक्टरसाहेब व्हरांड्यात गेले. पाठोपाठ मार्थाबाई, आणि त्यांच्यामागं मी.

"कसलं पाणी लावलं आमच्या म्हाताऱ्याला?" दिनकरराव ओरडले.

"नळाचं, दादा," मार्थाबाई म्हणाल्या.

मागं कुणीतरी फिस्कन हसलं, त्यानं दिनकरराव आणखीच पेटले. "चेष्टा करताय व्हय? उद्या गावात पंगतीला कोण बसवून घील त्याला? मेल्यावर खांदा कोण दील?"

"दादा, कपाळ पुसल्यानं कुणी ख्रिस्ती हुईत न्हाई. तसं असतं तर नदीला जाणारं समदं गाव माझ्या भावकीत आलं असतं."

हे खरं होतं, पण ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत तिथं कोणी नव्हतं. दिनकररावांनी सगळ्यांदेखत मागणी केली, की हिनं प्रार्थना केली ही चूक झाली असं कबूल करावं आणि पुन्हा कधी करणार नाही म्हणून शपथ घ्यावी. नाहीतर दवाखान्याची एक काच शिल्लक ठेवणार नाही.

डॉक्टरसाहेब घाबरले होते. मी त्यांना दोष देत नाही, आत चाळीसएक खाटा भरलेल्या होत्या. तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, शिकलेलं घराणं. ते हळूच म्हणाले, "मार्थाबाई, दोन शब्द बोला आणि मिटवा. आपण ख्रिस्ती माणसं, नम्रता आपल्याला शोभते."

मार्थाबाईंनी त्यांच्याकडं एकदा नीट पाहिलं. मग पायऱ्या उतरून खाली गेल्या आणि आपल्या मुलाच्या वयाच्या त्या माणसाच्या पुढ्यात वाकून त्याच्या पायांना हात लावला.

दिनकरराव स्वतःच दचकून मागं सरले.

बाई सरळ उभ्या राहिल्या. "दादा, दाराआडनं बघून तुमच्या काळजाला धक्का बसला. मी काय करते ते तुमाला आधी सांगायला पायजे हुतं, सांगितलं न्हाई. ती चूक माझी. तिची माफी मागते." एवढं बोलून त्या थांबल्या. कुणाला वाटलं संपलं. काही जण मागं वळायलाही लागले होते. "आता दुसरं. प्रार्थना केली ती चूक न्हाई. ती मी उद्या बी करणार, आन् मोठ्यानं करणार. मी काय चोरी करत न्हाई, दबक्या आवाजात करायला."

"आन् आमी करू न्हाई दिली तर?"

"मग काय करायचं ते तुमी ठरवा. मी कुठं पळून चाललीया? हितंच असते."

आणि त्यांच्याकडं पाठ करून त्या पायऱ्या चढल्या. त्याच वेळी मागून एक धोंडा आला आणि औषधखोलीची काच खळकन फुटली. बाई थबकल्या नाहीत की त्यांनी वळून पाहिलं नाही. सरळ वॉर्डात सुभेदारांच्या खाटेकडं गेल्या, सलाइन बघायची वेळ झाली होती. दुसरा धोंडा उचलणाऱ्याचा हात खुद्द दिनकररावांनीच धरला. "थांब रं! म्हातारा आत हाय माझा."

त्या दिवशी एवढ्यावर निभावलं. पण संध्याकाळी डॉक्टरसाहेबांनी मार्थाबाईंची बदली ड्रेसिंगच्या खोलीत केली. "काही दिवस," असं म्हणाले. आणि थिएटरातली प्रार्थना यापुढं ज्यानं त्यानं मनातल्या मनात करावी, असं सगळ्यांना बजावलं.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये सुशीला साळवे बाईंवर तुटून पडली. सुशीला आमच्या बरोबरीची, जन्मानं ख्रिस्ती, बाणेदार पोरगी. "बाई, त्या माणसाच्या पाया पडलात तुम्ही! आमच्या सगळ्यांचं नाक कापलंत. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यापुढं वाकलो, आता इथंही वाकायचं?"

मलाही तेच वाटत होतं. मी ताटावरून उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

बाई भाकरी चुरत होत्या. "माझा आजा वाकत हुता तो भ्यानं वाकत हुता, सुशीला. न वाकून सांगतोय कुणाला? मला कुणाचं भ्या न्हाई. म्हणून मी वाकले."

"हे लोकांना काय कळणार? लोकांना वाकलेलंच दिसतं."

"दिसंना का. मी कुणाची हाय ते मला ठावं हाय. ज्याला ठावं न्हाई त्यानं ताठ ऱ्हावं, बापडं." मग आमटीचं भांडं पुढं ढकलत म्हणाल्या, "आन् त्यांनी म्हणा म्हटलं ते मी म्हटलं का? न्हाई न्हवं? मग जेवा आता."

सुशीला रडली. मी माझ्या ताटावर परत जाऊन बसले.

थिएटर सुनंसुनं झालं. माणूस टेबलावर यायचा, छताकडं बघत पडायचा, आम्ही ओठ मिटून उभ्या राहायचो, आणि पाण्यात उकळणाऱ्या हत्यारांची खडखड तेवढी ऐकू यायची. आयाबाई पाय धुवायची, चांगले धुवायची. पण त्या माणसांच्या डोळ्यांतली भीती तशीच राहायची. मी प्रार्थना मानणारी नव्हे, तरी मला ती शांतता खायला उठायची.

सुभेदार दवाखान्यातच होते. आतड्याचं तोंड पोटावर काढलेलं होतं, ते पुन्हा आत घालून जोडायचं दुसरं ऑपरेशन काही आठवड्यांनी व्हायचं होतं. तोवर रोज ड्रेसिंग. म्हणजे रोज मार्थाबाईच. ते घाण काम बाई गप्पा मारत करायच्या. काय घडलं होतं ते सुभेदारांच्या कानावर गेलं होतंच. एक दिवस मी कापूस द्यायला गेले तेव्हा त्यांनी बाईंना विचारलं, "खरं सांगा. मला बाटवलं का तुमी?"

"न्हाई वं. आमच्यात यायचं तर आधी लय शिकाय लागतंय. असं झोपल्या झोपल्या हुईत न्हाई."

"मग काय केलं?"

"तुमचं नाव घेतलं वर."

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "फौजंत पोरांना गोळी लागली की आईला हाका मारायची. कुणी हात धरला की गप व्हायची. कुणाचा हात हाय ते बघत नव्हती." बाईंनी पट्टी बांधून गाठ मारली आणि त्यांच्या हातावर थोपटलं.

दुसऱ्या ऑपरेशनच्या दिवशी दिनकरराव पुन्हा आले, बरोबर गावची पाच-सहा माणसं. डॉक्टरसाहेबांच्या कपाळावर सकाळपासून घाम. सुभेदारांना स्ट्रेचरवर थिएटरच्या दारापर्यंत आणलं आणि तिथं त्यांनी दाराची चौकट धरली.

"बाईला बोलवा."

"सुभेदारसाहेब, आज दुसऱ्या सिस्टर आहेत," डॉक्टर म्हणाले.

"तर मग मला घरी न्या. मेलो तर मेलो."

शेवटी डॉक्टरांनी मला खूण केली. मी ड्रेसिंगच्या खोलीकडं पळत गेले. मार्थाबाई हात पुसत आल्या. चेहऱ्यावर जिंकल्याची खूणसुद्धा नाही, उलट काळजी. दारात थांबून त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "साहेब, मी आत आले तर मोठ्यानं करणार. ते चालत नसंल तर मला हितनंच माघारी जाऊ द्या. मी रागावणार न्हाई."

डॉक्टरांनी दिनकररावांकडं पाहिलं. दिनकररावांच्या मागची माणसं पुढं सरकली. मी भिंतीला चिकटून उभी. आता काच फुटते की डोकं, एवढंच माझ्या मनात.

"दिनकर," सुभेदार म्हणाले, "तुझी आई गेली तवा तिच्याजवळ कोण हुतं रं?"

दिनकररावांची मान खाली गेली. "कोण न्हवतं."

"मग हिला करू दे."

दिनकरराव हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. मार्थाबाईच पुढं झाल्या. "दादा, तुमी बी आत या. काचंतनं बघू नका."

अशी परवानगी आमच्या दवाखान्यात कधी कुणाला मिळाली नव्हती. पण डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत बाईंनी दिनकररावांच्या अंगावर गाऊन चढवलासुद्धा. मग स्टूल ओढलं, सुभेदारांचे पाय धुतले आणि टॉवेल पुतण्याच्या हातात दिला. त्यांनी पाय पुसले. नंतर बाईंनी फडकं नळाखाली धरलं. पाण्याचा आवाज झाला आणि दिनकररावांचं अंग ताठ झालेलं मला दिसलं. बाईंनी फडकं पिळलं आणि तेही त्यांच्याच हातात दिलं.

"तुमीच पुसा कपाळ. माझ्याच हातानं व्हाया पायजे असं काय न्हाई त्यात."

ज्यावरून एवढं रामायण झालं होतं ते बाईंनी असं सहज देऊन टाकलं. दिनकरराव फडक्याकडं बघत राहिले, मग त्यांनी काकाचं कपाळ पुसलं.

आणि मग मार्थाबाईंनी सुभेदारांचा हात धरून, व्हरांड्यातल्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात प्रार्थना केली. "बापा, ह्ये सुभेदार लय लोकांसाठी उभं ऱ्हायलं, आज झोपल्यात, तू उभा ऱ्हा. ह्या दिनकरदादाला ह्यांच्याबिगर कुणी न्हाई, त्याच्याजवळ बी कुणीतरी बस. येशूच्या नावानं मागते. आमेन."

आपलं नाव ऐकून दिनकरराव बाहेर गेले ते भिंतीकडं तोंड करून बसले, ऑपरेशन संपेपर्यंत. सुभेदार त्यातून उठले आणि आपल्या पायांनी चालत घरी गेले. दिनकररावांनी बाईंची माफीबिफी मागितली नाही, तसली माणसं मागत नाहीत. पण मार्थाबाई थिएटरात परत आल्या आणि मनातल्या मनात करायचा हुकूम पुन्हा कुणी काढला नाही.

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा बाईंच्याच पोटात गाठ निघाली. त्या ऑपरेशनातून त्या उठल्या नाहीत, हे आत्ताच सांगून टाकते, कारण मला शेवट तिथं करायचा नाही.

बाई आजारानं थकल्यापासून थिएटरची सिस्टर मी झाले होते. बाईंना स्ट्रेचरवरून आणलं तेव्हा मी स्टूल ओढलं, तसराळं घेतलं. बाईंचे पाय मी आयुष्यात पहिल्यांदाच नीट पाहिले. टाचांना भेगा होत्या, खेड्यातल्या कुठल्याही बाईसारख्या. बेचक्यांतून साबण फिरवला तेव्हा बाई म्हणाल्या, "गुदगुल्या हुत्यात गं." मी रडत होते, त्यामुळं मला हसता आलं नाही.

कपाळ पुसलं. आता प्रार्थना. एरवी ती सुशीला करायची, पण ती बाळंतपणाच्या रजेवर. मी डॉक्टरसाहेबांकडं पाहिलं. ते हात धुऊन, डोळे मिटून उभे होते, आणि त्यांचे ओठ हलत होते.

बाईंनी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "शालन, साहेबांचं काय ऐकू येईना. तू कर."

"बाई, मला तुमचं येत नाही हो."

"माझं म्हणू नको, ते खोटं हुईल. तुझ्या मनात हाय ते बोल. पण मोठ्यानं."

मी त्यांचा हात धरला. मी कधी कुठल्याच देवाशी असं समोरासमोर बोलले नव्हते. शेवटी जे आलं ते आलं, आणि तेही पलूसच्या बोलीत.

"ज्याची ही बाई हाय, त्या देवा, ही तुझी हाय हे हिला ठावं हाय. आता आमाला बी ठावं झालंय. हिला एकटीला सोडू नको."

बाईंनी माझा हात दाबला.

"आमेन," त्या म्हणाल्या. भुलीचा मास्क तोंडावर यायच्या आत त्यांनी मान जराशी उचलली. "आवाज बारका हुता, पोरी. पण पोचंल."